दूध, घड्याळ आणि तान्हे मूल : दोन शतके टिकलेल्या एका नियमाचा इतिहास (थ्रेड)

१/ तान्ह्या बाळाला दिवसातून किती वेळा पाजावे? हजारो वर्षे हा निर्णय बाळाच्या रडण्यावर आणि घरातील जाणत्या बायकांवर सोपवलेला होता. अठराव्या शतकात युरोपात तो वैद्यांच्या हाती गेला, आणि पुढे घड्याळाच्या.

२/ टाकून दिलेल्या मुलांसाठी १७३९ मध्ये लंडनला फाउंडलिंग हॉस्पिटल स्थापन झाले. तेथील संगोपनाविषयी डॉक्टर विल्यम कॅडोगन यांचा निबंध १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाला कपड्यांत आवळू नये, निरोगी आईने स्वतः पाजावे, हे त्यांचे सल्ले हिताचे होते. मात्र अतिआहाराच्या भीतीपोटी चोवीस तासांत चारदाच आणि रात्री मुळीच पाजू नये, असेही त्यांनी बजावले.

३/ या विचाराला विसाव्या शतकात संस्थेचे बळ मिळाले. न्यूझीलंडमधील सीक्लिफ मनोरुग्णालयाचे प्रमुख ट्रुबी किंग तेथील शेतीही पाहत. वासरांच्या आहारावर प्रयोग केल्यानंतर ते मानवी बालकांकडे वळले. १९०७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने प्लंकेट सोसायटी उभी राहिली. स्वच्छतेची शिकवण आणि परिचारिकांच्या घरभेटी हे तिचे मोठे कार्य. पण सोबत दर चार तासांनी पाजण्याचा आणि रात्री न पाजण्याचा दंडकही आला.

४/ किंमत मोजली ती आयांनी. बाळ रडत असे आणि आई घड्याळाकडे पाहत बसे. दूध मागणीनुसार तयार होते. स्तन वारंवार रिकामे झाले नाहीत, तर ते आटू लागते. नियम पाळल्यामुळे दूध कमी होई आणि दोष मात्र आईच्या प्रकृतीला लागे.

५/ उत्तर दुधातच दडलेले होते. सशीण पिल्लांना दिवसातून साधारण एकदाच, काही मिनिटे पाजते. आग्नेय आशियातील ट्री श्रू हा खारीएवढा प्राणी तर दोन दिवसांतून एकदा. अशा प्राण्यांचे दूध स्निग्धांश आणि प्रथिने यांनी दाट असते. उलट, आईच्या अंगाला बिलगून राहणाऱ्या माकडांच्या पिल्लांना पातळ दूध मिळते आणि ती वरचेवर पितात.

६/ मानवी दुधात प्रथिने जेमतेम एक टक्का, स्निग्धांश सुमारे चार टक्के. १९७२ मध्ये निकोलस ब्लर्टन जोन्स यांनी या तुलनेवरून दाखवले की मानवाचे मूल बिळात ठेवून जाण्याचे नव्हे, तर सोबत वागवण्याचे आहे.

७/ प्रत्यक्ष पुरावा कलहारी वाळवंटातून आला. तेथील शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या कुंग लोकांचा मेल्विन कॉनर आणि कॅरल वर्थमन यांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील मुले दिवसा तासाला सुमारे चार वेळा, दर वेळी जेमतेम दोन मिनिटे पीत. या वारंवारतेमुळे आईची पुढील गर्भधारणाही लांबत असे.

८/ १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या जाहीर केल्या. त्यांतील एक होती, बाळ मागेल तेव्हा पाजण्यास प्रोत्साहन. किंग यांनी गाईच्या दुधाला मानवी दुधाचे रूप देण्यासाठी त्यातील घटक काटेकोर मोजले होते. तेच आकडे वेळापत्रकाविरुद्ध साक्ष देत होते. ती ऐकली जाण्यास मात्र अनेक दशके लागली.