व्यावसायिक संपर्कजाल संकेतस्थळांचे विद्यार्थी-प्रशिक्षण (उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर)

व्यावसायिक संपर्कजाल संकेतस्थळांचे विद्यार्थी-प्रशिक्षण म्हणजे लिंक्डइनसारख्या संकेतस्थळांवर स्वतःच्या शिक्षणाची व कामाची ओळख मांडणे, क्षेत्रातील व्यक्तींशी परिचय करून घेणे, नोकरीविषयक माहिती पारखणे आणि फसवणूक टाळणे यांचे पद्धतशीर शिक्षण होय. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

स्थानिक पार्श्वभूमी

ही तिन्ही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर ओळीने वसलेली आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या 5,06,098, अंबरनाथची 2,53,475 आणि कुळगाव-बदलापूरची 1,74,226 होती. शहरे जवळजवळ असली, तरी त्यांची रोजगाराची परंपरा वेगवेगळी आहे.

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून 1949 मध्ये उभे राहिले. कापड, जीन्स व फर्निचर यांच्या बाजारपेठेसाठी ते ओळखले जाते. येथील व्यापारात कुटुंब व समाज यांच्या ओळखींना मोठे स्थान आहे. अंबरनाथ हे विमको आगपेटी कारखाना, आयुध निर्माणी आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे (एमआयडीसी) क्षेत्र यांमुळे कारखान्यांचे गाव म्हणून वाढले. बदलापूरमध्येही औद्योगिक क्षेत्र आहे. मात्र तेथील फार मोठा नोकरदार वर्ग ठाणे, नवी मुंबई व मुंबईकडे रोज लोकलने ये-जा करतो.

श्रीमती चांदीबाई हिंमतमल मनसुखानी (सीएचएम) महाविद्यालय, आर. के. तलरेजा महाविद्यालय, अंबरनाथचे सायसेस महाविद्यालय, बदलापूरचे आदर्श महाविद्यालय या मुंबई विद्यापीठाशी संलग्न संस्था आणि शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) येथे शिक्षण देतात. ज्या विद्यार्थ्याच्या घरातील तो पहिलाच पदवीधर असतो, त्याला बँक, माहिती तंत्रज्ञान किंवा औषधनिर्मिती क्षेत्रात ओळखीचे कोणी नसण्याची शक्यता अधिक असते. गुणपत्रिका समान असूनही अशा विद्यार्थ्यापर्यंत संधीची बातमी उशिरा पोहोचते किंवा पोहोचतच नाही. ही उणीव भरून काढणे हे या प्रशिक्षणाचे मुख्य प्रयोजन मानले जाते.

सैद्धान्तिक आधार

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये ‘क्षीण बंधांचे सामर्थ्य’ ही संकल्पना मांडली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या व्यक्तींना त्यांनी विचारले, की ज्याच्याकडून माहिती मिळाली त्याची भेट किती वेळा होत असे. सुमारे 17 टक्के व्यक्तींनी ‘वारंवार’, सुमारे 56 टक्के व्यक्तींनी ‘अधूनमधून’ आणि सुमारे 28 टक्के व्यक्तींनी ‘क्वचित’ असे उत्तर दिले. निकटच्या मित्रांना व आप्तांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेलीच माहिती असते. दूरचा परिचित मात्र वेगळ्या वर्तुळातील बातमी आणतो, असे या मांडणीचे सार आहे.

2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक सदस्यांवरील प्रयोगांच्या आधारे ही कल्पना तपासण्यात आली. मध्यम क्षीण बंध, म्हणजे काही सामायिक परिचित असलेल्या पण फारशा जवळच्या नसलेल्या व्यक्ती, नोकरीबदलास सर्वाधिक उपयोगी ठरतात, असे त्यात आढळले. संगणकाधारित उद्योगांत क्षीण बंध, तर तुलनेने कमी संगणकाधारित उद्योगांत घट्ट बंध अधिक उपकारक ठरले. कारखाने व बाजारपेठा असलेल्या या परिसरासाठी हा भेद महत्त्वाचा आहे. संकेतस्थळ हे प्रत्यक्ष ओळखीला पर्याय नसून तिची पूरक जोड आहे, असा त्याचा अर्थ निघतो.

प्रमुख संकेतस्थळे

लिंक्डइन हे संकेतस्थळ मे 2003 मध्ये सुरू झाले आणि 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. भारतातील सदस्यत्वासाठी किमान वय 16 वर्षे आहे. या सेवेत 2021 मध्ये हिंदी आणि 2024 मध्ये मराठी भाषेची सोय झाली. नोकरी डॉट कॉम (1997) हे प्रामुख्याने नोकरीच्या जाहिरातींचे स्थळ आहे. केंद्र शासनाचे राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल जुलै 2015 मध्ये सुरू झाले. महाराष्ट्र शासनाचे ‘महास्वयम्’ पोर्टलही उपलब्ध आहे.

शिकाऊ उमेदवारीसाठी स्वतंत्र शासकीय पोर्टल आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, 1961 व त्याखालील नियमांनुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. त्यामुळे फिटर, टर्नर, विजतंत्री अशा व्यवसायांचे शिक्षण घेणाऱ्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांस लिंक्डइनपेक्षा या पोर्टलवरील नोंदणी अनेकदा अधिक निकडीची ठरते.

अभ्यासक्रमातील स्थान

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘जीवन कौशल्य’ अभ्यासक्रमात संवादकौशल्ये व व्यावसायिक कौशल्ये यांचा समावेश असून समाजमाध्यमांचा परिणामकारक वापर, परिचयपत्रलेखन व मुलाखत हे विषय त्यात येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांनी कार्यप्रशिक्षणास (ओजेटी) श्रेयांक दिले आहेत. प्रशिक्षणाची जागा शोधण्याची वेळ त्यामुळे पदवीनंतर नव्हे, तर शिकत असतानाच येते.

प्रशिक्षणाचे घटक

ओळखपत्रक (प्रोफाइल): लिंक्डइनवर नावाखालील ओळीस 220 आणि ‘परिचय’ विभागास 2,600 अक्षरांची मर्यादा आहे. ‘नोकरीच्या शोधात’ एवढेच लिहिण्याऐवजी ‘वाणिज्य शाखा, तृतीय वर्ष, टॅली व जीएसटी हिशेबांचा सराव’ अशी नेमकी ओळ अधिक माहिती देते. घरच्या दुकानात बिले करणे, मालाची नोंद ठेवणे, शिकवणी घेणे ही कामेही अनुभवात मोडतात. उल्हासनगरच्या व्यापारी कुटुंबांतील विद्यार्थी ती बहुधा वगळतात. नाव प्रमाणपत्रावरील स्पेलिंगप्रमाणेच असावे आणि न केलेले काम वा न आलेले कौशल्य नोंदवू नये, यावर प्रशिक्षणात भर दिला जातो.

माजी विद्यार्थ्यांचा शोध: लिंक्डइनवरील महाविद्यालयाच्या पानावर ‘माजी विद्यार्थी’ हा विभाग असतो. तेथील पदवीधर कोठे राहतात, कोणत्या कंपन्यांत व कोणत्या प्रकारचे काम करतात, हे त्यात पाहता येते. एकाच महाविद्यालयाचा धागा असल्याने अपरिचित व्यक्तीही उत्तर देण्याची शक्यता वाढते. वर उल्लेखिलेले मध्यम क्षीण बंध येथेच सहज सापडतात.

परिचयाची विनंती: चांगल्या विनंतीत चार गोष्टी असतात – स्वतःची ओळख, समोरच्या व्यक्तीशी असलेला दुवा, एकच नेमका प्रश्न आणि आभार. पहिल्याच संदेशात नोकरी मागण्याऐवजी कामाचे स्वरूप किंवा आवश्यक पूर्वतयारी विचारणे उचित समजले जाते. उत्तर न आल्यास काही दिवसांनी एकदाच स्मरण द्यावे, असा संकेत आहे.

नियमित वापर: शेकडो अनोळखी सदस्य जोडण्यापेक्षा आपल्या क्षेत्रातील मोजक्या व्यक्तींचे लेखन वाचणे, त्यावर विचारपूर्वक अभिप्राय देणे आणि स्वतःच्या प्रकल्पाची माहिती मांडणे अधिक फलदायी असते.

सुरक्षितता

नोकरीच्या नावाखाली नोंदणी शुल्क, अनामत रक्कम किंवा गणवेशाचे पैसे मागणे, मुलाखतीविना नियुक्तिपत्र पाठवणे आणि ओटीपी वा बँक खात्याचा तपशील विचारणे ही फसवणुकीची सामान्य लक्षणे आहेत. कंपनीच्या मूळ संकेतस्थळावर ती जागा आहे का, पत्र अधिकृत ईमेलवरून आले आहे का, हे आधी पडताळावे लागते. मोबाइल क्रमांक, घरचा पत्ता, आधार व पॅन क्रमांक सार्वजनिक ओळखपत्रकात न देणे इष्ट असते. ‘कामासाठी उपलब्ध’ ही खूण केवळ नियोक्त्यांना दिसेल अशीही ठेवता येते. नको असलेल्या सदस्यास रोखण्याची व त्याची तक्रार करण्याची सोय विद्यार्थिनींना विशेष उपयुक्त ठरते. आर्थिक फसवणूक झाल्यास 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

मर्यादा

संकेतस्थळावरील परिचयाने संधीची वार्ता मिळते. पात्रता मात्र अभ्यासातूनच सिद्ध करावी लागते. या स्थळांवरील बहुतांश व्यवहार इंग्रजीत चालतो, त्यामुळे मराठी, सिंधी वा हिंदी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना भाषिक साहाय्याची गरज भासते. लिंक्डइनवर दुसऱ्या भाषेत ओळखपत्रक जोडता येते. लहान कारखाने व दुकाने यांतील अनेक जागा संकेतस्थळांवर येतच नाहीत. तेथे प्रत्यक्ष भेट, शिक्षकांची शिफारस व महाविद्यालयाचा रोजगार मार्गदर्शन कक्ष हेच मार्ग उरतात. तसेच ज्यांना आज मार्गदर्शन मिळाले, त्यांनी नोकरीस लागल्यावर मागून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संदेशांना उत्तर दिले, तरच हे संपर्कजाल त्या महाविद्यालयासाठी टिकून राहते.