खडकी-दौंड : आपली पहिली ऑफशोअर लिंक

काळेवाडीतल्या आमच्या सोसायटीत दुपारी दोननंतर कुठल्याही मजल्यावर कान द्या, "कॅन यू हिअर मी?" ऐकू येतंच. निम्मी सोसायटी हिंजवडीवाली, आणि त्यातले बरेचसे यूकेच्या प्रोजेक्टवर. आपल्या या भागाचा इंग्लंडशी थेट संबंध आला तो आयटीमुळे, असं आपण सगळेच धरून चालतो. तर मंडळी, तो आला २३ जुलै १९२७ ला. इथून दहा-बारा किलोमीटरवर, खडकीला.

त्या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने 'बीम वायरलेस'चं उद्घाटन केलं आणि सप्टेंबरपासून लोकांच्या तारा त्यावरून जायला लागल्या. इकडून संदेश खडकीहून हवेत सुटायचे. तिकडून आलेले मात्र दौंडला पकडायचे. पलीकडेही तशीच जोडी. ग्रिम्स्बीजवळच्या टेटनीला ट्रान्समिटर, स्केगनेसजवळ रिसीव्हर. (जुन्या इंग्रजी कागदांत 'किरकी' आणि 'धोंड' अशी नावं येतात. धोंड म्हणजे आपलं दौंडच, दगड नव्हे!) तारा घेणं-देणं, मोर्स वाचणं ही कामं मुंबईच्या ऑफिसात व्हायची, ही दोन्ही स्टेशनं तिथल्या ऑफिसला जमिनीवरच्या तारांनी जोडलेली.

दोन स्टेशनं इतकी लांब का? साधं आहे. शेजारी ढोल वाजत असताना लांबून कुजबुजणाऱ्याचं ऐकू येईल का? स्वतःचा ट्रान्समिटर चालू असताना सहा-सात हजार किलोमीटरवरून आलेला मरतुकडा सिग्नल पकडायचा तर कान दूर न्यायलाच हवा. आज हातातला वॉकी-टॉकी 'दाबा आणि बोला, सोडा आणि ऐका' या तत्त्वावर चालतो, त्याच्याही मुळाशी हीच अडचण आहे. खडकी-दौंडने ती वेळ वाटून नाही, अंतर वाटून सोडवली.

आता थोडं मागे जाऊ. मुंबईहून इंग्लंडला समुद्राखालची केबल १८७० पासूनच होती. वायरलेसने साम्राज्य जोडायची टूम पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून चालू होती, पण सगळा भर लाँग वेव्हवर. म्हणजे अवाढव्य कारभार. १९२६ साली इंग्लंडात रग्बीला असं एक स्टेशन उभं राहिलं, त्याचे बारा मनोरे प्रत्येकी ८२० फूट उंच. मार्कोनी आणि त्याचा इंजिनिअर सी. एस. फ्रँकलिन यांनी उलटी वाट धरली : लहरी लहान करा, आणि चारी दिशांना उधळण्यापेक्षा टॉर्चसारखा एकच झोत पाडा. म्हणून 'बीम'.

१९२४ साली ब्रिटिश सरकारने मार्कोनी कंपनीशी करार केला, आणि त्यातल्या अटी आपल्यासारख्यांनी वाचाव्या अशा आहेत. वेग दोन्ही बाजूंनी मिनिटाला पाच अक्षरांचे १०० शब्द, आणि तेही पुन्हा पाठवलेले शब्द न धरता. लिंक दिवसातून किती तास चालू राहील तेही देशागणिक लिहून दिलेलं : कॅनडा १८, भारत १२, दक्षिण आफ्रिका ११, ऑस्ट्रेलिया ७. चक्क एसएलए! आणि तो किती प्रामाणिक आहे बघा. २४ तासांची थाप कोणी मारली नाही. आपण 'नाइन्टी नाइन पॉइंट नाइन' सहज लिहून मोकळे होतो. इथे करारानेच मान्य केलं होतं की अर्धा दिवस आकाश आपलं ऐकणार नाही.

वेग किती, तर हिशोब करा. मिनिटाला ५०० अक्षरं, सेकंदाला आठ-साडेआठ. हसू नका. हाताने मोर्स ठोकणारा माणूस याच्या पाव वेगातच दमतो. म्हणून आधी कागदी पट्टीवर भोकं पाडायची आणि ती पट्टी यंत्रातून पळवायची. पलीकडे दुसऱ्या पट्टीवर शाईची नागमोडी रेघ उमटायची, ती वाचून ऑपरेटर टाइप करायचा.

पण खरी मजा मेंटेनन्समध्ये आहे, आणि इतिहास सांगताना नेमका तोच भाग लोक गाळतात. शॉर्ट वेव्ह आकाशातल्या आयनांच्या थरांवरून परतून येते. ते थर सूर्य तयार करतो. दिवसा खालचे थर लांब लहरी गिळून टाकतात, तेव्हा लहान लहर लागते. रात्री वरचा थर विरळ होतो आणि तीच लहान लहर त्याला भेदून अंतराळात निघून जाते, तेव्हा जरा लांब लहर हवी. भारत-इंग्लंड मार्गावर दिवसा साधारण १६ मीटर आणि रात्री ३४ मीटर अशा दोन लहरी ठेवल्या होत्या. आजच्या भाषेत साडेअठरा आणि पावणेनऊ मेगाहर्ट्झच्या आसपास.

आता घड्याळ बघा. आपल्याकडे दिवेलागण, तेव्हा तिकडे भरदुपार. म्हणजे वाट अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. कुठली लहर लावायची? आणि लहर बदलायची म्हणजे बटण दाबायचं नव्हे. बीम अँटेना एका ठरावीक लहरीच्या मापाने ताणलेल्या तारांचा पडदाच असतो. लहर बदलली की पडदा बदलला. ट्रान्समिटर नव्याने ट्यून करायचा, मोठाले व्हॉल्व्ह तापू न देता. आणि पलीकडच्याने त्याच सुमाराला रिसीव्हर त्या लहरीवर आणलेला असायला हवा. हे रोज, ऋतूप्रमाणे वेळ पुढे-मागे करत. शिवाय सूर्यावरच्या डागांचं चक्र अकरा वर्षांचं, त्यामुळे गेल्या वर्षीचं वेळापत्रक यंदा चालेलच याची खात्री नाही.

पडद्याचीही एक गंमत. तारा अनेक, आणि झोत सरळ पडायचा तर सगळ्यांत वीज एकाच क्षणी पोचली पाहिजे. फ्रँकलिनने एकात एक घातलेल्या तांब्याच्या नळ्या वापरल्या, म्हणजे आपल्या कोॲक्स केबलचे पूर्वज. एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा फांद्या फोडत नेल्या, की ट्रान्समिटरपासून प्रत्येक तारेपर्यंतचं अंतर अगदी सारखं. बायनरी ट्री, पण उघड्या मैदानात उभं केलेलं. एखाद्या फांदीची लांबी बिघडली की झोत फिसकटला. मावळच्या बाजूने येणाऱ्या जुलैच्या पावसात हे सांभाळणाऱ्यांबद्दल मला तरी मार्कोनीपेक्षा जास्त आदर वाटतो.

पुढचं भराभर सांगतो. बीमने केबल कंपन्यांचा धंदा इतका खाल्ला की १९२८ मध्ये लंडनला साम्राज्याची परिषद बोलवावी लागली आणि दोन्ही धंदे एका छत्राखाली आणले गेले. ज्याने कमी खर्चात काम केलं त्यालाच हरणाऱ्याशी लग्न लावून दिलं! भारतातही १९३२ ला 'इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स' झाली. १९३३ ला इंग्लंडशी रेडिओवरून टेलिफोन सुरू झाला. १ जानेवारी १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या साडेसात महिने आधी, ही कंपनी सरकारने ताब्यात घेतली आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस जन्मली. मला ही तारीख फार महत्त्वाची वाटते. झेंडा बदलायच्या आधी देशाची जगाशी बोलायची तार आपल्या हातात आली होती.

१९७१ ला नारायणगावजवळ आर्वीला उपग्रह केंद्र सुरू झालं, त्याला विक्रम साराभाईंचं नाव मिळालं, आणि संध्याकाळी लहर बदलायची कसरत मागे पडत गेली. १९८६ ला ओसीएसचं व्हीएसएनएल झालं. २००२ ला सरकारने त्यातले २५ टक्के टाटांना १,४३९ कोटींना विकले, पण एक पाचर मारून : चार शहरांतली जादा जमीन, सुमारे ७७३ एकर, या सौद्यात नाही.

त्यातली पाचशे एकरांहून जास्त एकट्या दिघीत, म्हणजे आपल्याच महापालिकेच्या हद्दीत. ही जमीन वेगळी काढायला सरकारला आणि कंपनीला २०१९ उजाडलं. त्यासाठी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची सरकारी कंपनी केली, आणि २०२० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. ऑफिसातला शेअरवाला मित्र तिला 'लँड बँक प्ले' म्हणतो. शहराच्या इतक्या जवळ एका तुकड्यात एवढी जमीन एका तार खात्याकडे कशी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. मी त्याला अँटेनाच्या तारांचं सांगितलं, तर म्हणाला, "मग नशीब त्यांना केबल आधी सुचली नाही." केबल सत्तावन्न वर्षं आधीच होती, हे सांगेपर्यंत त्याचा यूकेचा कॉल लागला.