बियांना मोड आल्यावर रोपे पिशवीत किंवा कुंडीत कधी लावावीत?

सिंदफणा नदीवरील धरणामुळे माजलगाव परिसर उसासाठी ओळखला जातो. मात्र उसासोबत मिरची, टोमॅटो, वांगी, टरबूज, कारली व पपई या पिकांतही अनेक शेतकरी उतरले आहेत. या पिकांचे संकरित बियाणे महाग असते. त्याची पुडी फोडल्यापासून रोप शेतात जाईपर्यंतच्या काही दिवसांत मोठे नुकसान होऊ शकते. बी उगवले नाही तर दोष बियाण्याला दिला जातो, पण अनेकदा मोड आलेले बी उशिरा हलवणे, माती घट्ट होणे किंवा पाणी जास्त होणे ही खरी कारणे असतात.

बी उगवताना काय घडते?

बी प्रथम पाणी शोषून फुगते. त्यानंतर त्याचा श्वसनाचा वेग वाढतो व साठवलेले अन्न वापरात येते. सर्वांत आधी मूळ बाहेर पडते, त्यानंतर कोंब वर येतो व दोन बीजदले उघडतात. ही बीजदले म्हणजे खरी पाने नव्हेत. त्या पिकाच्या पानासारखे दिसणारे पहिले पान त्यानंतर येते. रोप कधी हलवायचे हे ठरवताना खऱ्या पानांचीच संख्या मोजावी.

उगवणीसाठी ओलावा, हवा व ऊब या तिन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात. बी पाण्यात फार वेळ बुडवून ठेवल्यास त्याला हवा मिळत नाही व ते कुजते. टोमॅटो, मिरची व वेलवर्गीय पिकांची उगवण साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात चांगली होते. मे महिन्यात तापमान ४० अंशांच्या पुढे गेल्यावर उघड्यावरील ट्रे तापतात व उगवण घटते. डिसेंबर-जानेवारीत थंड रात्रींमुळे टरबुजाचे बी रेंगाळते.

आधी उगवणक्षमता तपासावी

घरचे किंवा मागील वर्षी उरलेले बियाणे असल्यास १०० बिया मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडाव्यात. गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवावे व ओलसर राखावे. पिकानुसार ७ ते १४ दिवसांत निरोगी मोड आलेल्या बिया मोजाव्यात. जितक्या बिया उगवल्या तितके टक्के उगवणक्षमता समजावी. टोमॅटो व वांग्यासाठी किमान ७० टक्के आणि मिरचीसाठी किमान ६० टक्के उगवणक्षमता प्रमाणित मानली जाते.

विकतच्या बियाण्याचे पाकीट, त्यावरील लेबल व पावती जपून ठेवावी. थोडे बी शिल्लक ठेवावे. उगवण फारच कमी झाल्यास तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार करता येते. त्या वेळी हाच पुरावा उपयोगी पडतो.

ओल्या फडक्यात मोड आणण्याची पद्धत

जाड सालीच्या बियांसाठी ही पद्धत सोयीची आहे.

१. कारल्याच्या बीचे टोक नखकात्रीने किंचित कापावे, आतील गराला धक्का लावू नये. त्यानंतर बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे.
२. पपईच्या ताज्या बियांवर चिकट आवरण असते. ते उगवण रोखते. राख किंवा वाळूत बिया चोळून आवरण काढावे व बिया स्वच्छ धुवाव्यात.
३. भिजलेल्या बिया सुती फडक्यात पसरून गुंडाळाव्यात. फडके पिळल्यावर पाणी ठिबकणार नाही इतकेच ओले असावे.
४. पुरचुंडी उबदार जागी ठेवावी व रोज एकदा उघडून पाहावी. बुरशी आलेल्या किंवा बुळबुळीत झालेल्या बिया काढून टाकाव्यात.

रंगीत लेप असलेल्या विकतच्या बियाण्यावर बहुधा बुरशीनाशकाची प्रक्रिया केलेली असते. असे बी पाण्यात भिजवू नये. साध्या बियाण्यास पेरणीपूर्वी ट्रायकोडर्मा ५ ग्रॅम प्रतिकिलो या प्रमाणात चोळावे.

मोड आलेले बी केव्हा हलवावे?

मूळ अर्धा ते एक सेंटिमीटर लांब झाले की त्याच दिवशी बी पिशवीत किंवा कुंडीत लावावे. मूळ याहून लांब झाल्यास ते फडक्याच्या धाग्यांत शिरते, वाकडे होते व हाताळताना तुटते. वेलवर्गीय पिकांना हा धक्का सहसा सोसत नाही. मूळ फडक्यात अडकले असल्यास बी ओढू नये, तेवढा कापडाचा तुकडा कापून बीसह लावावा.

मातीत आधी बोटाने किंवा काडीने खड्डा करावा. मूळ खाली राहील असे बी ठेवून बीच्या जाडीच्या साधारण दुप्पट मातीने झाकावे. माती दाबू नये. बी फार वर राहिल्यास टरफल बीजदलांवर टोपीसारखे अडकते. ते ओढून न काढता पाण्याचा हलका फवारा द्यावा.

पिशवीत कोणती माती भरावी?

आपल्याकडील नुसती काळी माती पिशवीत भरू नये. ती ओली असताना चिकटते, वाळल्यावर आवळते व तडकते. त्यात कोवळी मुळे तुटतात. गाळाची किंवा पोयट्याची माती, चाळलेले कुजलेले शेणखत व वाळू समप्रमाणात मिसळावे. साखर कारखान्याचा प्रेसमड मिळत असल्यास तो पूर्ण कुजलेलाच वापरावा. ताजा प्रेसमड कुजताना तापतो व मुळे जाळतो. पिशवीच्या तळाशी छिद्रे पाडावीत.

काही विहिरींचे पाणी क्षारयुक्त असते. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसू लागल्यास रोपांना शक्यतो कालव्याचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

ट्रेमधील रोपे

कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये बी टोकल्यावर ट्रे एकमेकांवर रचून प्लास्टिकने झाकले जातात. त्यामुळे ऊब व ओलावा टिकतो. ही रास दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी व संध्याकाळी तपासावी. कोंब दिसू लागताच ट्रे सुटे करून शेडनेटखाली मांडावेत. एका दिवसाचा उशीर झाला तरी कोंब उजेडाच्या शोधात लांबतात. अशी पांढरट, लुळी रोपे पुढे नीट सुधारत नाहीत. रास उघडण्याची वेळ चुकवणे हे चांगले बियाणे वाया जाण्याचे नेहमीचे कारण आहे.

रोप कोणत्या अवस्थेत हलवावे?

• टोमॅटो, वांगी, मिरची : वाफ्यातून कुंडीत दोन खरी पाने आल्यावर. शेतात लावण्यासाठी टोमॅटो २५ ते ३० दिवसांचा, वांगी ३० ते ३५ दिवसांची व मिरची ३५ ते ४५ दिवसांची असावी.
• टरबूज, कारली, काकडी : बी थेट कपात, ट्रेमध्ये किंवा पिशवीत लावावे. दोन खरी पाने आल्यावर, साधारण १२ ते १५ दिवसांत, मातीच्या गोळ्यासह शेतात लावावे.
• पपई : बी थेट पिशवीत लावावे. उगवणीस दोन ते तीन आठवडे लागतात. रोप १५ ते २० सेंटिमीटर उंच झाल्यावर, दीड ते दोन महिन्यांनी लागवड करावी.

तैवान ७८६ या संकरित पपईची सर्व झाडे फळे देतात, म्हणून पिशवीत एकच बी लावावे. तिच्या फळातील बी पुन्हा लावू नये, पुढच्या पिढीत तेच गुण टिकत नाहीत. नर व मादी झाडे वेगळी असणाऱ्या वाणांत फुले येईपर्यंत झाड ओळखता येत नाही, म्हणून त्यांची जास्त रोपे ठेवावीत.

लहान रोप हलवताना बीजदल धरून उचलावे, खोड धरू नये. पान फाटले तर रोपाला नवीन येते, खोड चिरडले तर रोप संपते.

कोलमड रोगापासून जपावे

रोपाचे खोड जमिनीलगत पाणावते, बारीक होते व रोप आडवे पडते. पिथियमसारख्या बुरशीमुळे हे घडते. दाट पेरणी, साचलेले पाणी व कोंदट हवा या तीन कारणांनी रोग वाढतो. पाणी सकाळी द्यावे व मातीचा वरचा थर सुकल्यावरच पुन्हा द्यावे. लागण दिसताच रोगट रोपे मातीसह काढावीत व कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ते ३० ग्रॅम प्रति १० लिटर पाणी या प्रमाणात आळवणी करावी.

लागवडीपूर्वी रोपे कणखर करावीत

शेवटचे ५ ते ७ दिवस पाणी हळूहळू कमी करावे व रोपांना रोज थोडे जास्त ऊन दाखवावे. लागवड दुपारनंतर ऊन उतरल्यावर करावी. आदल्या दिवशी ट्रेला पाणी दिल्यास मातीचा गोळा फुटत नाही.

नर्सरीची तारीख लागवडीपासून मागे मोजावी. जुलैच्या मध्यास मिरची लावायची असल्यास बी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडले पाहिजे. पाऊस लांबला व शेत तयार नसेल तर ट्रेमध्ये मुळे गुंडाळून बसतात. अशा वेळी रोपे तशीच न ठेवता मोठ्या पिशवीत हलवावीत. काम वाढते, पण रोप वाचते. स्थानिक वाण व हवामानानुसार सल्ल्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी किंवा परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाशी संपर्क साधावा.