संस्कार, विकृती आणि शीण : बंगळूरची विमानविद्या व मराठी परिभाषा

परिभाषेचा इतिहास बहुधा कोशांच्या आधारे लिहिला जातो. शब्द कोणत्या संस्कृत धातूपासून साधला, तो रूढ झाला की नाही, एवढ्यावर चर्चा थांबते. ज्या वस्तुव्यवहारासाठी शब्द हवा होता त्या व्यवहाराने पुढे शब्दाचा अर्थ कसा तपासला, हा प्रश्न मागे राहतो. बलाला पदार्थ कसा प्रतिसाद देतो, या विषयाच्या मराठी परिभाषेबाबत हा प्रश्न विचारावयाचा झाल्यास बंगळूरच्या विमानविद्येकडे पाहणे उपयुक्त ठरते.

सोलापुरात जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. कोल्हापूर परिसरातून आलेले विष्णू माधव घाटगे (१९०८–१९९१) यांनी गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६ साली डॉक्टरेट मिळवली होती. १९४२ च्या अखेरीस भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्याच आराखड्याने सिद्ध झालेले ‘एचटी-२’ हे दोन आसनी, संपूर्ण धातूचे प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये प्रथम उडाले.

अशा विमानाचा पंख उड्डाणात वरच्या बाजूस वाकतो. खालचा पत्रा ताणला जातो, वरचा दाबला जातो. पत्र्याच्या दर एकक क्षेत्रफळामागे आत उद्भवणारे बल म्हणजे प्रतिबल, आणि मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल म्हणजे विकृती. या दोहोंचा हिशेब चुकला तर पंख मोडतो. भीतीपोटी पत्रा अवाजवी जाड घेतला तर विमान जड होते. येथे शब्दांच्या मागे माणसांचे प्राण उभे असतात.

इंग्रजीतही ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ हे बोलीत जवळजवळ समानार्थी शब्द होते. त्यांना काटेकोर वेगळेपण दिले ते रँकिन यांनी १८५० च्या दशकात. मराठीची वाट निराळी आहे. ‘ताण’ हा घरगुती शब्द बाजूला ठेवून शास्त्राने ‘प्रतिबल’ स्वीकारला. ‘विकृती’ मात्र जुनाच शब्द. आजच्या बोलण्यात त्याला निंदेचा वास येतो. परंतु सांख्यांच्या मते विकृती म्हणजे प्रकृतीचा परिणाम, आणि वैदिक पठणपरंपरेत जटा, घन इत्यादी विकृती म्हणजे मूळ पाठाची नियमबद्ध रूपांतरे. अभियंत्याची विकृती या जुन्या, निर्दोष अर्थाशी अधिक जवळची आहे.

‘स्थितिस्थापकता’ या शब्दाची कुळकथा याहून बोलकी आहे. वैशेषिक दर्शनात संस्कार हा गुण त्रिविध मानला आहे : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वाकवलेले धनुष्य किंवा ओढून सोडलेली फांदी पूर्वस्थितीस येते ती स्थितिस्थापकामुळे. अनुभव स्मरणरूपाने पुन्हा जागा होतो तो भावनेमुळे. दोघी एका घरच्या, पण त्यांच्यात भिंत आहे. भावना केवळ आत्म्याच्या ठिकाणी राहते, जड द्रव्याच्या नाही. १९७६ साली ज्याचा पहिला खंड निघाला त्या मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे न्यायशास्त्राचे पंडित होते. त्या कोशात हा दर्शनातला शब्द आधुनिक भौतिकीचा अर्थ घेऊन वावरतो.

मात्र ही भिंत धातूने पाळली नाही. २ मे १९५३ रोजी कोलकात्याजवळ कॉमेट जातीचे जेट विमान वादळी वाऱ्यात मोडून पडले. तेथे बलाचा अतिरेक झाला असे मानले गेले. १९५४ साली भूमध्य समुद्रावर आणखी दोन कॉमेट विमाने स्वच्छ आकाशात फुटली. फार्नबरो येथे एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्याच्या केबिनवर पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा पूर्वीची उड्डाणे धरून सुमारे तीन हजार आवर्तनांनंतर ती फाटली. एकेका वेळचा भार केबिनला पेलण्याजोगा होता. तिने प्रत्येक वेळी जवळपास पूर्वीचाच आकार घेतला होता. तरीही प्रत्येक आवर्तन आत कोठेतरी साठत गेले, सूक्ष्म तडा वाढत गेला. १९५९ साली स्थापन होऊन लवकरच बंगळूरला आलेल्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत पुढे विमानांचे ढाचे अशाच आवर्ती भाराखाली तपासण्याची सोय उभी राहिली.

या दोषाला इंग्रजीने ‘फटिग’, म्हणजे माणसाच्या शिणाचेच नाव दिले. धातूला स्मृती असते असे म्हणणे अर्थातच लाक्षणिक होय. पण ते लक्षण उपरे नाही. ‘स्थितिस्थापक’ हा शब्द पदार्थ पूर्वस्थितीस येतो एवढेच सांगतो. आकार परतला तरी आतले द्रव्य परतलेले नसते, हे त्याच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी वैशेषिकांनी आत्म्याकरिता राखून ठेवलेल्या भावनेकडेच वळावे लागते.

घाटगे यांची विद्या जर्मन व इंग्रजीतून घडली. मराठी परिभाषा पुण्या-मुंबईच्या समित्यांत आणि वाईच्या कोशकार्यालयात रूप घेत होती. या दोन इतिहासांची गाठ क्वचितच पडली. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला त्यातून एक काम उरते. अनुवादित संज्ञा मूळ संज्ञेशी ताडून पाहणे पुरेसे नाही; तिच्या पोटात असलेले दर्शन वस्तूच्या वर्तनाशीही ताडून पाहावे लागते.