निळ्या कुप्यांचा हिशेब

१ डिसेंबर १९६९ची रात्र. वॉशिंग्टनमध्ये काचेच्या एका भांड्यात ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्या होत्या. प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० या वर्षांत त्या तारखेला जन्मलेल्या तरुणांचा व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीत पहिला क्रमांक लागला. १९५१ व १९५२ साली जन्मलेल्यांसाठीही पुढे अशाच सोडती झाल्या. (पहिल्या वेळी कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या, त्यामुळे डिसेंबरातल्या मुलांवर जरा अन्यायच झाला!)

युद्धानंतर प्रश्न उरला. घरी परतलेला सैनिक काही वर्षांत दगावला, तर त्याला सैन्यातले दिवस कारण म्हणायचे का? जगला की वारला, उत्तरे दोनच. पण सैनिक आणि इतर यांची सरळ तुलना करून भागत नाही. स्वखुशीने गेलेला मुलगा मुळातच धाडसी असेल. वैद्यकीय तपासणीत नापास झालेला आजारी मुलगा घरीच राहिला असेल. कारण आणि परिणाम, दोहोंमागे तिसरेच काही दडलेले. अशा कारणाला संख्याशास्त्रात 'अंतर्जात' म्हणतात. जेम्स हेकमन यांनी १९७८मध्ये अशा हो-नाहीच्या गुंत्यासाठी समीकरणे मांडली. मात्र न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल त्यांत बरेच काही गृहीत धरावे लागते.

चिठ्ठी ना घर पाहते, ना स्वभाव. १९८६मध्ये हर्स्ट, न्यूमन आणि हली यांनी नेमके हेच हेरले. कॅलिफोर्निया व पेनसिल्व्हेनियातल्या १९७४ ते १९८३च्या मृत्यूनोंदी घेऊन त्यांनी माणसे जन्मतारखेवरून वेगळी केली. चिठ्ठी लागलेल्यांत मृत्यू ४ टक्के आणि आत्महत्या १३ टक्के अधिक निघाल्या. आकडे लहान वाटतात ना? पण चिठ्ठी लागलेल्यांपैकी जेमतेम पाव भाग सैन्यात गेला होता, आणि न लागलेल्यांतलेही थोडे गेलेच होते. म्हणून मृत्यूंतल्या फरकाला भरतीतल्या फरकाने भागायचे. मग प्रत्यक्ष गेलेल्यांवरचा परिणाम कितीतरी मोठा दिसतो.

हे उत्तर फक्त चिठ्ठीमुळेच गेलेल्यांपुरते, ही मर्यादा अँग्रिस्ट आणि इम्बेन्स यांनी १९९४मध्ये स्पष्ट केली. २०२१च्या नोबेलमध्ये दोघांचाही वाटा होता. दरम्यान २०१२मध्ये कॉन्ली आणि हीरविग यांनी तीच सोडत धरून पुढच्या काळातले मृत्यू तपासले. तोवर ती मुले प्रौढ झाली होती. एकूण मृत्यूंत दोन्ही गटांमध्ये म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता.