रोडबाइकला लहान चाके, रुंद टायर

शर्यतीच्या धाटणीच्या जुन्या रोडबाइकला बहुधा २३ किंवा २५ मि.मी. रुंदीचे टायर असतात. गुळगुळीत डांबरावर ते उत्तम धावतात. परंतु रस्ता उखडलेला असला, की प्रत्येक हादरा मनगटे, मान आणि पाठ यांच्यापर्यंत पोहोचतो. रुंद टायर हा त्यावरचा सरळ उपाय. मात्र अशा सायकलीत चिमट्याच्या माथ्याखाली आणि ब्रेकखाली जागाच नसते. म्हणून फ्रेम तीच ठेवून तिला लहान रिमची चाके आणि त्यांवर रुंद टायर बसविले जातात. सायकलप्रेमी या बदलाला '६५०-बी रूपांतर' म्हणतात.

रूपांतरामागील गणित

रोडबाइकच्या नेहमीच्या चाकाला '७००-सी' असे नाव आहे. टायर रिमवर जेथे बसतो, तेथील त्याचा व्यास ६२२ मि.मी. असतो. ६५०-बी चाकात हाच व्यास ५८४ मि.मी. म्हणजे ३८ मि.मी. कमी. आता ७००-सी रिमवर २३ मि.मी.चा टायर चढविला, तर चाकाचा एकूण व्यास सुमारे ६६८ मि.मी. भरतो. ६५०-बी रिमवर ४२ मि.मी.चा टायर चढविला, तरी बेरीज तितकीच येते. रिम लहान झाली, तेवढी जागा हवेने भरून काढली. त्यामुळे सायकलीची उंची आणि गिअरचे प्रमाण जवळजवळ जसेच्या तसे राहते.

ही क्लृप्ती नवी नाही. मुळात या नावांतच ती दडलेली आहे. फ्रान्समधील जुन्या पद्धतीत ६५० हा टायरसह चाकाचा नाममात्र व्यास होता आणि ए, बी, सी ही अक्षरे टायरची वाढती रुंदी दाखवीत. टायर जितका रुंद, तितकी रिम लहान. विसाव्या शतकाच्या मध्यास रने एर्स यांच्यासारखे पॅरिसचे कारागीर लांबच्या भटकंतीसाठी अशाच चाकांच्या सायकली बांधत. पुढे हे माप मागे पडले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील काही सायकलप्रेमींनी त्याला पुन्हा चालना दिली. २००७ मध्ये कर्क पासेंटी यांनी या मापाचे माउंटन बाइकचे टायर आणले आणि २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरने याच चाकांवर विश्वचषक मालिकेतील शर्यत जिंकली. माउंटन बाइकच्या बाजारात '२७.५ इंची' म्हणून ओळखले जाते, ते हेच माप होय.

ब्रेक : खरी कसोटी

रिमची कड १९ मि.मी. खाली गेली, की ब्रेकचे रबरही तितकेच खाली न्यावे लागते. येथेच अनेक रूपांतरे अडतात. ब्रेक ज्या बोल्टवर बसतो, तेथपासून रबराच्या मध्यापर्यंतचे अंतर आधी मोजावे व त्यात १९ मिळवावेत. उदाहरणार्थ, हे अंतर ४७ मि.मी. असल्यास ६६ मि.मी. पोहोच असलेला ब्रेक हवा. टेक्ट्रोच्या आर-५५९ या लांब भुजांच्या ब्रेकची पोहोच ५५ ते ७३ मि.मी. आहे. बेरीज त्याच्या पुढे गेली, तर रूपांतराचा विचार सोडणे श्रेयस्कर. रबर ओढूनताणून जेमतेम पोहोचले आणि टायरच्या भिंतीला घासू लागले, तर टायर फाटतो. उतारावर ते जिवावर बेतू शकते. भुजा लांब झाल्याने ब्रेकची पकडही किंचित कमी होते, हे ध्यानात ठेवावे. कॅन्टिलिव्हर ब्रेकच्या सायकलीत ब्रेकचे खुंट फ्रेमला कायमचे जोडलेले असल्याने हा बदल सहसा शक्य नसतो. डिस्क ब्रेक असल्यास मात्र हा प्रश्नच उद्भवत नाही.

फ्रेममधील जागा

उंचीत फरक पडत नसला, तरी रुंदीत पडतो. ४२ मि.मी.चा टायर आसाच्या मध्यापासून सुमारे ३१३ मि.मी. अंतरावर सर्वांत रुंद असतो. मागच्या आसापासून पेडलकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांवर या अंतरावर खूण करावी आणि त्यांमधील मोकळी जागा मोजावी. दोन्ही बाजूंना ४ मि.मी. सोडायचे म्हटले, तर ती किमान ५० मि.मी. हवी. चिमट्याच्या पात्यांमध्येही हेच माप घ्यावे. जागा थोडी कमी असल्यास ३८ मि.मी.चा टायर चालू शकतो. मात्र पेडलचा आस जमिनीकडे आणखी ४ मि.मी. सरकतो आणि वळणावर पेडल घासण्याची शक्यता वाढते. पोलादी नळी जाणकार कारागीर थोडी चेपून देऊ शकतो. कार्बनच्या फ्रेमवर असा प्रयोग कदापि करू नये.

चाकांची बांधणी

जुने हब सुस्थितीत असल्यास ते वापरता येतात. रिम आणि आखूड स्पोक तेवढे नवे लागतात. बाजारातील तयार २७.५ इंची चाके बहुधा डिस्क ब्रेकची असतात. त्यांच्या रिमला ब्रेकचे रबर टेकण्यासाठी सपाट कड नसते आणि मागचा हब रोडबाइकच्या १३० मि.मी. जागेपेक्षा रुंद असतो. नावांचा घोळही टाळावा. '२६ इंची' या एकाच नावाखाली ५५९, ५७१, ५८४ आणि ५९० मि.मी. अशी चार मापे येतात आणि ती एकमेकांना चालत नाहीत. आपल्याकडील साध्या '२८ इंची' सायकलीची रिम तर ६३५ मि.मी.ची, म्हणजे ७००-सीहूनही मोठी. म्हणून दुकानात इंच न सांगता ५८४ हा आकडा सांगावा. तो टायरच्या बाजूवर छापलेला असतो.

हवेचा दाब

२३ मि.मी.च्या टायरमध्ये १०० पीएसआयच्या आसपास हवा भरतात, ४२ मि.मी.च्या टायरला साधारण ४० ते ५० पुरते. रुंद टायर म्हणजे मंद सायकल, हा समज मात्र पुरता खरा नाही. खडबडीत रस्त्यावर स्वाराचे शरीर थरथरण्यात जी शक्ती वाया जाते, ती येथे वाचते.

ज्याला नवी सायकल घ्यायचीच आहे, त्याला रुंद टायर सामावणाऱ्या ग्रॅव्हल बाइक आता सहज मिळतात. रूपांतर आहे ते अंगवळणी पडलेली जुनी पोलादी फ्रेम सोडवत नाही, परंतु हादरेही सोसवत नाहीत, अशा स्वारासाठी. त्याने रिम विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. पोहोच आणि रुंदी ही दोन मापे जुळली, तर जुन्या सायकलीला आणखी पुष्कळ वर्षे रस्ता मिळतो; न जुळल्यास तिला आहे तशीच चालवावी.