उंसाचें बेणें आणि त्याची कुळी

तुर्भ्याच्या घाऊक बाजारांत येणाऱ्या साखरेच्या पोत्यांचा आणि गुळाच्या ढेपांचा भाव आपण अगत्यानें विचारतों. परंतु ही गोडी ज्या वनस्पतीची, तिची कुळकथा क्वचितच विचारतों. ती ऐकण्याजोगी आहे, कारण तींत एक धोका आहे आणि त्याच्यावरचा तोडगाहि आहे.

ऊंस बियांपासून लावीत नाहींत. कांड्यांच्या टिपऱ्या करून सरींत दाबल्या म्हणजे डोळे फुटतात व बेट वाढतें. त्यामुळें एका जातीचा सारा ऊंस हा जणूं एकाच रोपाचा विस्तार होय. गुण जसेच्या तसे टिकतात, हा लाभ; पण एका शेतास जो रोग बाधतो तो त्या जातीच्या सर्वच शेतांस बाधूं शकतो, हा धोका. काणी आणि गवताळ वाढ हे रोग तर बेण्यांतूनहि पसरतात.

१८८० नंतरच्या दशकांत सेरे नांवाच्या रोगानें जावा बेटांतील उंसाची दुर्दशा केली. १८८८ च्या सुमारास तेथें व बार्बाडोसमध्यें असें आढळून आलें कीं, उंसाच्या तुऱ्यांतील बीं रुजूं शकतें. बियांपासून निघालेलें रोप आईबापांहून निराळें असतें. म्हणून निवडीला वाव मिळतो.

आपल्या देशांत हें कार्य १९१२ सालीं कोइमतूरच्या ऊंस-पैदास केंद्रानें हातीं घेतलें. चार्ल्स बार्बर यांच्या कारकीर्दींत जाड, रसाळ उंसाचा काश नांवाच्या रानगवताशीं संकर झाला आणि १९१८ सालीं ‘को २०५’ ही जात बाहेर पडली. पुढें टी. एस. वेंकटरामन यांनीं हें काम वाढविलें. रानगवताचा काटकपणा हवा, पण त्याचा फिका रस नको, म्हणून संकराची संतति पुनःपुन्हां गोड घराण्यांत दिली जाई. आजच्या उंसांत शंभराहून अधिक गुणसूत्रें असतात. बहुतेक गोड पूर्वजाचीं आणि थोडीं रानगवताचीं.

दख्खनच्या कालव्यांवर पूर्वीं पुंड्या ऊंस असे. सातारा जिल्ह्यांत पाडेगांवचें संशोधन केंद्र १९३२ सालीं निघालें. लवकरच पुंड्याची जागा ‘को ४१९’ नें घेतली. त्याच्या अंगीं जावाच्या ‘पीओजे २८७८’ चें व कोइमतूरच्या ‘को २९०’ चें रक्त होतें. कालांतरानें ‘को ७४०’, मग ‘को ८६०३२’ आणि २००७ सालीं ‘फुले २६५’ अशा जाती पुढें आल्या.

१९७५ सालीं स्थापन झालेल्या मांजरीच्या संस्थेंत, जिला आतां वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणतात, उंसाच्या कोवळ्या शेंड्यांतील सूक्ष्म भाग काचपात्रांत वाढवून निरोगी रोपें करतात. पण लक्षांत ठेवावें कीं या उपायानें बेणें शुद्ध होतें, वैविध्य वाढत नाहीं. मोठें क्षेत्र एकाच लाडक्या जातीवर विसंबलें, तर जावाचा धडा आपल्याकडेहि लागू पडेल. म्हणून चांगली जात हातीं असतांनाच पुढच्या जातीची तयारी करावी लागते. आणि एक जात सिद्ध होण्यास दहा-बारा वर्षें सहज लागतात.